परदेशी विद्येचे जामीनदार

आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे, असा आग्रह संपादक मंडळाने केला, तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. माझी उभी हयात केंद्र सरकारच्या हिशेबखात्यात चालली आहे. जमा-खर्चाच्या रकान्यांपलीकडे लेखणी सहसा गेली नाही. आणि पदवी म्हणाल तर इतिहास विषय घेऊन मिळविलेली साधी बी. ए. परंतु गेल्या पावसाळ्यात एक लहानसा प्रसंग घडला आणि मनात दबून राहिलेला इतिहासाचा विद्यार्थी जागा झाला.

रविवारी सकाळी मंडळाच्या वाचनालयात बसलो असता आपल्या एका सभासदांची कन्या भेटावयास आली. पदवीचे शेवटचे वर्ष. परदेशातील विद्यापीठात पुढील शिक्षणासाठी प्रवेश मिळालेला. शिवाय तेथील एका प्रयोगशाळेत काही महिन्यांची उमेदवारी, हल्ली ज्याला इंटर्नशिप म्हणतात ती, करण्याची संधीही चालून आलेली. हातात कर्जाच्या अर्जाचा जाडजूड संच होता. अडचण एकाच पानाशी होती. स्थानिक रहिवासी असलेले दोन जामीनदार हवे होते. घरातील माणूस चालणार नव्हता. ती म्हणाली, "काका, गावाकडे शंभर माणसे उभी राहतील. इथे दोन मिळत नाहीत."

मुलुखापासून दूर राहणाऱ्या आपणा सर्वांचे दुखणेच तिने एका वाक्यात सांगितले. नोकरीच्या निमित्ताने आपण हुगळीच्या काठी येऊन राहिलो, भाकरीची सोय झाली. पण अडीअडचणीला सही करणारा हात मागे राहिला. त्या दिवशी घरी परतताना मनात आले की, आपल्यातले जे थोर लोक शिक्षणासाठी समुद्रापार गेले, त्यांची नावे आपण मुलांकडून पाठ करून घेतो. पण त्यांच्यासाठी मागे कोण उभे राहिले, खर्च कोणी सोसला आणि त्याच्या बदल्यात काय मागितले, हा रकाना आपण क्वचितच उघडतो. तो उघडून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू.

आरंभ आपल्या शेजारापासूनच करू. हावड्याहून लोकलने सुमारे अर्ध्या तासाच्या अंतरावर सेरामपूर आहे. बंगाली माणसे त्यास श्रीरामपूर म्हणतात. आपल्याकडील उसाचे श्रीरामपूर ते हे नव्हे. १८४५ पर्यंत हे गाव डेन्मार्कच्या ताब्यात होते. याच गावच्या छापखान्यातून विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये आणि मराठी कोश १८१० मध्ये बाहेर पडला. मराठी भाषेचे हे ऋण आपल्याला ठाऊक असते. परंतु त्याच गावाचे आणखी एक ऋण आहे आणि ते एका बदलीवर आलेल्या मराठी कुटुंबाचे आहे.

गोपाळराव जोशी हे टपाल खात्यातील नोकर. कल्याण, अलिबाग, कोल्हापूर, भूज असा बदल्यांचा प्रवास करीत ते १८८१ मध्ये कलकत्त्यास आले आणि तेथून सेरामपुरास. त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी मातृत्व आणि अवघ्या दहा दिवसांत मुलाचा मृत्यू. त्या मृत्यूनंतर त्यांच्या मनात वैद्यकीच्या शिक्षणाचा ध्यास रुजला. गोपाळरावांनी १८७८ मध्ये कोल्हापुराहून एका अमेरिकन मिशनऱ्यांस पाठविलेले पत्र तिकडच्या मासिकात छापले गेले. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर यांच्या ते वाचनात आले, आणि ज्यांना कधी पाहिले नाही अशा दोन स्त्रियांचा पत्रव्यवहार सुरू झाला. पुढे आनंदीबाईंनी त्यांना मावशीच मानले.

बंगालमधील दिवस सुखाचे नव्हते. नवऱ्याबरोबर पायी फिरावयास निघालेली, पायात जोडे घातलेली परप्रांतीय तरुणी पाहून लोक रस्त्यात थांबत, टोमणे मारीत. स्वजातीयांचा विरोध होताच. अशा वेळी २४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाई भाषणास उभ्या राहिल्या. आपण अमेरिकेस का जाणार, हा विषय. हिंदुस्थानात स्त्री डॉक्टरांची निकड आहे, त्या शिक्षणाची पुरेशी सोय येथे नाही, आणि आपण हिंदू म्हणून जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ, हे त्यांनी स्वच्छ इंग्रजीत सांगितले. त्या वेळी त्यांना अठरावे वर्षही पुरे झाले नव्हते. दागिने विकून प्रवासाची तयारी झाली आणि ७ एप्रिल १८८३ रोजी त्यांनी कलकत्त्याचा किनारा सोडला. पतीला बरोबर जाता आले नाही. ४ जून रोजी न्यूयॉर्कच्या धक्क्यावर कार्पेंटरबाई त्यांना उतरवून घेण्यास उभ्या होत्या.

फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाने त्यांना प्रवेश दिला, शिष्यवृत्तीही दिली. ऑक्टोबर १८८५ मधील एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात नऊवारी लुगड्यातील आनंदीबाई, त्यांच्या बाजूला जपानच्या केई ओकामी आणि सिरियाच्या साबात इस्लामबुली आहेत. तिघी तीन देशांच्या, तिघींचा पोशाख आपापल्या देशाचा. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना पदवी मिळाली. त्या समारंभास पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून आल्या होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर नेमणूकही झाली. पण क्षयाने शरीर पोखरले होते. काम हाती घेण्याआधीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात त्यांचे निधन झाले. वय बावीसही नव्हते.

श्री. ज. जोशी यांच्या 'आनंदी गोपाळ' या १९६८ मधील कादंबरीमुळे ही कथा घरोघर पोहोचली. तिच्यातील करुण रस आपण जाणतो. मला मात्र हिशेबनीस म्हणून तिच्यातील जमेची बाजू पाहावीशी वाटते. खर्च कोणी भरला? पत्नीच्या अंगावरच्या सोन्याने, बदलीच्या नोकरीतल्या पगाराने आणि सातासमुद्रांपलीकडच्या एका परक्या बाईच्या मायेने. संस्थानाचा राजा नाही, धनिक नाही, ज्ञातीचा फंड नाही. जात-गोताने पाठ फिरविली, तेव्हा एका अनोळखी घराने जामीन दिला.

दुसरे उदाहरण रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचे. दापोली तालुक्यातील मुर्डीचा हा मुलगा, जन्म १८७६ चा. धोंडो केशव कर्वे हे नात्यातले. त्यांच्याच आधाराने परांजप्यांचे शिक्षण मार्गी लागले. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून पदवी घेऊन हिंदुस्थान सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते १८९६ मध्ये केंब्रिजला गेले आणि १८९९ मध्ये गणिताच्या परीक्षेत सीनियर रँग्लर झाले. हा मान मिळविणारे ते पहिले हिंदी. सरकारी नोकरीची कोणतीही पायरी त्यांना अवघड नव्हती. पण जाण्यापूर्वी डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य होण्याचे वचन ते देऊन बसले होते. परत आले आणि मासिक ७५ रुपयांवर फर्ग्युसनमध्ये शिकवू लागले. पुढे दोन तपांच्या आसपास त्याच महाविद्यालयाचे प्राचार्य राहिले. पैसा सरकारचा होता. पण परतीचा करार होता तो एका शिक्षणसंस्थेशी, आणि तो कागदापेक्षा शब्दावर उभा होता.

येथे एक निराळा प्रयत्न नोंदविला पाहिजे. एकेका मुलाला विलायतेस धाडावयाचे, तर गरीब समाजाने किती जणांना धाडावे? अंताजी दामोदर काळे या शिक्षकाने एक कल्पना मांडली की, प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योग उभारावेत. लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले आणि १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे पैसा फंड काच कारखाना सुरू झाला. त्याची घडी बसविण्यास आले ईश्वरदास वार्ष्णेय. हे गृहस्थ मूळचे अलीगढकडचे. जपानात आणि अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकून आलेले. त्यांना परदेशी धाडण्यास हातभार लावला होता तो याच कलकत्त्यात १९०४ मध्ये निघालेल्या एका मंडळाने. हिंदी तरुणांना शास्त्रीय व औद्योगिक शिक्षणासाठी बाहेर पाठविणे हेच त्या मंडळाचे कार्य होते.

याचा अर्थ ध्यानात घ्यावा. बंगालच्या वर्गणीचा हातभार, अलीगढचा विद्यार्थी, अमेरिकेतील विद्या आणि मावळातील कारखाना! तळेगावचा कारखाना हा नुसता कारखाना नव्हता, ती शाळाही होती. भट्टीपाशी उभे राहून मुले काच फुंकावयास शिकत. एक जण परदेशी जाऊन आला आणि अनेकांनी देशातच त्याच्या हाताखाली उमेदवारी केली. आजच्या भाषेत सांगायचे तर एका शिष्यवृत्तीतून अनेक इंटर्नशिपा निघाल्या. परदेशी विद्येचे व्याज समाजात कसे फिरवावे, याचा हा धडा मला आजही मोलाचा वाटतो.

आता ज्या उदाहरणापाशी माझी लेखणी सर्वांत अधिक अडखळते, तेथे येतो. डॉ. भीमराव आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे, म्हणजे मध्य भारतातील लष्करी छावणीत झाला. वडील सुभेदार रामजी फौजेच्या शाळेत शिक्षक होते. हेही आपल्यासारखेच नोकरीपायी मुलुख सोडलेले घर. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी भीमरावांना अमेरिकेतील शिक्षणासाठी तीन वर्षे मासिक साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. ४ जून १९१३ रोजी करार झाला. परत आल्यावर बडोदे संस्थानात दहा वर्षे नोकरी करावयाची, ही अट. जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले, कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले, १९१५ मध्ये एम. ए. झाले. १९१६ मध्ये लंडनला जाऊन अर्थशास्त्राचे आणि बॅरिस्टरीचे शिक्षण त्यांनी सुरू केले. मुदत संपली तेव्हा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना १९१७ मध्ये परतावे लागले. सामान ज्या बोटीत होते ती महायुद्धात पाणतीराने बुडाली.

करार पाळण्यासाठी ते बडोद्यास रुजू झाले. दरबाराने पद दिले, पण शहरात राहावयास घर मिळेना. कचेरीतले शिपाई फायली लांबून टाकीत. एका पारशी वसतिगृहात नाव लपवून आसरा घेतला, तर काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना बाहेर पडावे लागले. जगातील उत्तम विद्यापीठात शिकलेला माणूस एका झाडाखाली बसून रडला. करारातील दहा वर्षे पुरी झाली नाहीत, ती त्यांच्या दोषामुळे नव्हे. करारावर राजाची सही होती, समाजाची नव्हती.

ते खचले नाहीत. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अध्यापन करून पै-पै साठविली. राजर्षी शाहू महाराजांनी साहाय्य केले, नवल भथेना या पारशी मित्राने कर्ज दिले. रमाबाईंनी घरची हलाखी सोसली. त्यांचे नाव कोणत्याही करारपत्रावर नाही, पण सर्वांत मोठा जामीन त्यांचाच होता. १९२० मध्ये बाबासाहेब पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये एम. एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टर, १९२३ मध्ये डी. एस्सी. पुढे ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना, १९४४ मध्ये, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकनंतरच्या सरकारी शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. आपल्याला जी शिष्यवृत्ती एका राजाच्या उदारपणाने मिळाली, ती पुढच्या मुलाला हक्काने मिळावी, ही त्यामागची दृष्टी होती. दानाचे नियमात रूपांतर करणे म्हणजे काय, हे आम्हा सरकारी नोकरांनी येथे शिकावे.

शेवटचे उदाहरण इरावती कर्वे यांचे. जन्म १९०५, ब्रह्मदेशातील म्यिंजान येथे. वडील कापसाच्या कंपनीत नोकरीस. तेथल्या इरावती नदीवरून मुलीचे नाव ठेवले. शिक्षणासाठी तिला पुण्यास पाठविले, तेव्हा ती वाढली ती रँग्लर परांजप्यांच्या घरी. म्हणजे ज्याला एका नातलगाच्या आधाराने शिक्षण मिळाले, त्याच्या घराने दूरदेशीच्या दुसऱ्याच्या मुलीला आधार दिला. आणि पुढे ती सून झाली ती धोंडो केशव कर्व्यांचीच. १९२८ मध्ये त्यांनी जर्मनीस जाण्याचे ठरविले, तेव्हा स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणाऱ्या सासऱ्यांनाच ते रुचले नाही. पती दिनकरराव स्वतः जर्मनीत शिकलेले. ते ठाम राहिले आणि डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून मिळालेल्या कर्जावर इरावतीबाई बर्लिनला गेल्या.

तेथील मानववंशशास्त्राच्या संस्थेत त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. वंशश्रेष्ठत्वाची मते मांडणाऱ्यांत त्यांचे नाव पुढे होते. मानवी कवट्यांच्या दोन बाजूंतील असमानता मोजण्याचे काम इरावतीबाईंना दिले गेले. वंशावरून त्यात फरक पडतो, असा गुरूचा कयास होता. मोजमापांतून तो सिद्ध होईना, आणि इरावतीबाईंनी जे दिसले तेच लिहिले. १९३० मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. उसन्या पैशावर, परक्या देशात, परक्या भाषेत, पदवी ज्याच्या हाती त्याच्याच मताविरुद्ध खरे लिहिणे, याहून परदेशी शिक्षणाचे दुसरे सार्थक कोणते?

स्वातंत्र्यानंतर वाटा रुंदावल्या. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्येच उच्च शिक्षणासाठी कर्जाऊ शिष्यवृत्त्यांचा निधी स्थापन केला होता. त्याच्या आरंभीच्या विद्यार्थ्यांत डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या. कोल्हापूरच्या ज्या रुग्णालयात आनंदीबाईंना पाऊल टाकता आले नाही, तेथेच पुढे कृष्णाबाईंनी रुग्णसेवा केली. १९५० मध्ये अमेरिकेशी झालेल्या करारातून फुलब्राइट शिष्यवृत्त्या आल्या. १९५४-५५ पासून भारत सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती सुरू झाली. १९५९ च्या ऑक्सफर्ड परिषदेतून राष्ट्रकुल शिष्यवृत्त्या निघाल्या. आज महिनोन्महिने बोटीतून जावे लागत नाही. समुद्र ओलांडला म्हणून प्रायश्चित्तही घ्यावे लागत नाही. महाविद्यालयात असतानाच काही आठवड्यांसाठी परदेशी प्रयोगशाळेत वा कारखान्यात उमेदवारी करून येणे शक्य झाले आहे.

परंतु आनंदीबाईंपासूनचे तीन प्रश्न बदललेले नाहीत, आणि प्रत्येक पालकाने ते कागदावर लिहून काढावेत असे मी सुचवितो. पहिला, पैसा कोणाचा, आणि तो देणगी आहे, वेतन आहे की कर्ज? उमेदवारी म्हणून नेतात आणि राहण्या-जेवणाचा सारा खर्च उमेदवारावरच पडतो, असेही घडते. दुसरा, त्याच्या बदल्यात काय लिहून घेतले आहे? मुदत, अट, दंड, व्याज, हे सही करण्यापूर्वी वाचावे. नंतर वाचणारे माझ्या कचेरीत पुष्कळ भेटतात. तिसरा, त्या किनाऱ्यावर उतरवून घेण्यास कोण उभे आहे? कार्पेंटर मावशी प्रत्येकीला लाभत नाही. पण आज परदेशांतही मराठी मंडळे आहेत. एक पत्र आधी गेले, तर पहिली रात्र तरी परकी जाणार नाही.

वाचकहो, येथे एक कबुली देतो. मी पदवीधर झालो त्या वर्षी माझ्याही हाती एका शिष्यवृत्तीचा अर्ज आला होता. वडील नुकतेच वारले होते, पाठची दोन भावंडे शिकत होती. जामीनदाराच्या रकान्यापाशी येऊन मी थांबलो. कोणाकडे जावे, हे कळले नाही. खरे सांगायचे तर विचारण्याचा संकोच वाटला. अर्ज ट्रंकेत राहिला. त्याची खंत करीत मी आयुष्य काढले असे नाही. नोकरीने मला पुष्कळ दिले. पण त्या मुलीने तोच रकाना पुढे केला, तेव्हा माझ्या लक्षात आले की, आपल्या वस्तीत असे न भरलेले रकाने आणखीही असतील, आणि ते सारेच काही वाचनालयापर्यंत चालत येत नाहीत.

पहिला जामीनदार म्हणून मी सही केली. दुसरी सही आपल्या मंडळातील एका सेवानिवृत्त रेल्वे कर्मचाऱ्यांनी केली. त्यांची आणि त्या कुटुंबाची तोवर गणेशोत्सवातल्या नमस्कारापलीकडे ओळख नव्हती. अर्ज वाचून झाल्यावर त्यांनी मुलीला एवढेच विचारले, "परत येशील का?" ती म्हणाली, "येईन की नाही, ते आज कसे सांगू काका? पण कर्ज फेडीन." गृहस्थ हसले आणि म्हणाले, "हे खरे बोललीस." मलाही ते उत्तर आवडले. प्रत्येकाने तळेगावलाच परतावे, असा हट्ट आज धरता येणार नाही. परंतु आपल्यामागे कोणी उभे राहिले होते, याची नोंद मनात ठेवावी, एवढी अपेक्षा गैर नाही.

पन्नास वर्षांत मंडळाने गणेशोत्सव केले, नाटके बसविली, वाचनालय चालविले. एकावन्नाव्या वर्षी आणखी एक वही घालावी, असे मला वाटते. तिच्यात दोन याद्या असाव्यात. एकीत, आपल्या मुलांसाठी जामीन राहण्यास तयार असलेल्या सभासदांची नावे; दुसरीत, बाहेर शिकून आलेल्यांची किंवा तेथेच राहिलेल्यांची नावे, की ज्यांना नव्या मुलाने निःसंकोच पत्र लिहावे. खर्च एका वहीचा. हावड्याहून सुटणारी लोकल आजही सेरामपूरला थांबते. तेथल्या त्या सभागृहात एका टपाल नोकराची बायको परक्या लोकांसमोर उभी राहिली, तेव्हा तिच्यामागे अशी वही नव्हती. आपल्या मुलींच्या मागे ती असावी.